सुपातला चाकू

आर्णीच्या शाळेतलं नाटक संपलं, तेव्हा खिशात चाकू बाळगणाऱ्या पोराचा शेवट पाहून बायाबापड्या डोळे पुसत होत्या. नाटक बसवणारे देवतळे मास्तर स्टेजवर आले. मधोमध त्यांनी एक रिकामं सूप ठेवलं आणि म्हणाले, "ज्याच्याजवळ चाकू असेल, त्यानं इथं आणून टाकावा. कोणी रागावणार नाही."

मग वर्गात रोज मार खाणारा लुकडा चंद्रभान उठला आणि त्यानं कमरेचा चाकू काढून सुपात टाकला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. शाळाभर ज्याचा धाक, त्या घनश्यामनं तर सोबत्यांसकट स्टेजवर चढून त्याची पाठ थोपटली. दुसरा चाकू काही सुपात पडला नाही, पण मास्तरांना एवढंही पुष्कळ होतं.

मांडव रिकामा झाला तरी चंद्रभान खाली खांबापाशी उभाच होता.

"काहून रे, घरी नाही गेला?"

"नाल्यातून जा लागते, मास्तर. घनश्याम अन् त्याचे सोबती तिथं अडवतेत. चाकू हाय म्हून आजवर भेत होते."

"चाल, मी येतो सोबत."

"आज याल. अन् उद्या?" चंद्रभान खालमानेनं म्हणाला. "माहा चाकू वापस द्या, मास्तर."

मास्तर सुपाकडे वळले.

सूप रिकामं होतं.