डिस्कखालची चिठ्ठी

"ही एकच डिस्क आठ वेळा विकलीत, काका? हा गेम आम्ही तीन वर्षं खपून बनवलाय. पहिल्या विक्रीनंतर आमच्या कंपनीला रुपयाही मिळाला नाही!"

"नवव्यांदाही विकेन," जुन्या गेमचे दुकानदार गुगळेकाका म्हणाले. "रद्दीतलं पुस्तक घेताना लेखकाला विचारतेस का? आधी डबी उघड."

डिस्कखाली चिठ्ठी होती. गेम परत देणाऱ्याने पुढच्या खेळाडूसाठी एक सूचना लिहायची, ही त्या दुकानाची पद्धत. पाचव्या सूचनेवर मी थबकले: 'वादळात होडी उलटली की गेम बंद पडतो. आधी सेव्ह करा.' खाली दोघांनी लिहिलं होतं, 'खरंय.'

गेम मध्येच बंद पडतो, अशा खेळाडूंच्या तक्रारी येत होत्या आणि हाच बिघाड आम्ही तीन महिने शोधत होतो. तो सापडेपर्यंत दुसऱ्या भागाचं काम बंद होतं. आमच्याकडे तो एकदाही घडला नव्हता, कारण वादळात होडी उलटण्याइतकं वाईट आमच्यापैकी कुणी खेळतच नव्हतं.

"काका, ही चिठ्ठी नेऊ?"

"चिठ्ठी डिस्कसोबतच जाते. सहाशे रुपये. त्यातला एकही तुमच्या कंपनीला नाही हं!"

"नकोच," मी हसले आणि मनापासून आभार मानत आमचाच गेम जुना विकत घेतला.