पुरवणी प्रश्न

परदेशी तुरुंगात अडकलेल्या हडपसरच्या रहीमवरून पुण्याच्या विरोधी खासदार प्रेमलाताईंनी लोकसभेत परराष्ट्रमंत्र्यांना सोलून काढलं. मंत्री शांतपणे एवढंच म्हणाले, "प्रयत्न सुरू आहेत."

महिन्याभरात रहीम घरी आला. त्याची आई हमीदा नानखटाईचा डबा घेऊन ताईंकडे गेली. "हा दिल्लीला मंत्रीसाहेबांना द्या. फरिश्ता आहे माणूस. आणि तुम्ही त्यांना किती बोललात."

ताईंनी मंत्र्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला. "साहेब, रहीमची आई आलीय, आभार मानायला."

"आभार तुमचे, ताई. तुम्ही आरडाओरडा केलात म्हणून त्या देशाच्या राजदूताला वठणीवर आणता आलं. आता तिकडे अडकलेल्या त्या नर्सवरूनही मला असंच झोडपा. मागच्यासारखा प्रश्न मीच लिहून पाठवतो."

हमीदाने डबा पुन्हा आपल्याकडे ओढला आणि झाकण काढलं.

"आधी तुम्ही घ्या, ताई."