बाळंतपणात गेलेले दात

सुनेला सातवा महिना लागला होता. ब्रश केला की तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून सासूबाईंनीच तिला दात घासणं बंद करायला लावलं होतं. आता दातांच्या दवाखान्यात खुर्चीशेजारी उभ्या राहून त्या डॉक्टरीणबाईंनाच समजावत होत्या, "पोटातलं मूल आईचे दात खातंच हो. माझे पुढचे दोन ह्याच्या वेळी गेले." आणि सवयीने त्यांनी मागे उभ्या मुलाकडे बोट दाखवलं. ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ होती.

डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. "मूल दात खात नाही, काकू. या दिवसांत हिरड्या लवकर सुजतात. त्यात घासणं सोडलं की घाण साचते आणि आजार मुळाशी जातो. हिचं वेळेत कळलंय. आज साफ करून देते. उद्यापासून मऊ ब्रशने दोन वेळा घासायचं, रक्त आलं तरी थांबायचं नाही."

"आणि माझे दात?"

"तेव्हा कुणी उपचार केले असते, तर बहुतेक राहिले असते."

सासूबाई स्टुलावर बसल्या. त्यांचा हात तोंडावर गेला. मग मुलाकडे बघत कशाबशा म्हणाल्या, "तुझ्यामुळे नव्हते रे गेले."

दातांच्या त्या गोष्टीवर आजवर सगळ्यांबरोबर हसत आलेला तो थोराड माणूस तिच्यापुढे येऊन खाली बसला.

"आई," तो म्हणाला, "पुन्हा एकदा म्हण."