कळीच्या चुन्याचं धुकं

"ओतू का आता पाणी?" धुरपतानं विचारलं, अन् नत्थूनं घाईनं तिच्या हातातला लोटा धरला.

"थांब ना जराशी! तानबाचा मंत्र तं होऊ दे."

पडद्यामागं हे नवराबायको दोघंच. मधात टिनाचा पिपा, पिप्यात कळीच्या चुन्याचे पांढरे खडे, तोंडाले ओलं पोतं करकचून बांधलेलं. पाणी ओतायले वर तिफणीचं चाडं बसवलं, अन् धुकं बाहेर जायले तिफणीचेच वेळूचे नळे, पडद्याखालून थेट पुढं बसलेल्या लोकायच्या पायापर्यंत. पेरणीच्या वक्ती ज्यातून ज्वारी जाते ना, त्यातून आज भूत जाणार होतं! अन् भूत म्हणजे कोण, तं नत्थू. अंगावर पांढरी चादर, डोळ्याच्या जागी दोन भोकं.

मागच्या हिवाळ्यात ह्याच नाटकात त्यानं धुक्यासाठी ओला कडुनिंब जाळला होता. काय धूर झाला, काय धूर झाला! पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारे खोकत सुटले, अन् सगळ्यात जास्त खोकलं ते भूतच. खोकता खोकता चादर सुटली. समोर पोत्यावर आनंदाबुढी बसलेली. ती डोळे पुसत म्हणे, "अगे माय, ह्या भुताले तं दमा हाये!" झालं. तवापासून देवळीच्या बजारात नत्थूले नत्थू कोणी म्हणेच नाई. "काय दमेकरी, कुठं चाललं?"

नाटकाचंही वाटोळं झालं ते झालंच. मांत्रिक भूत बोलावते, लोकं भितात, मंग भूत चादर काढून म्हणते, 'भूत नाई, मी तुमच्यातलाच मानूस हाओ.' असं नाटक. बुद्धाची दीक्षा घेतल्यावर वस्तीनं घराघरातले देव्हारे काढले, पण दिवस बुडला का मोठमोठे गडी अजूनही चिंचेखालून पळतच जातात. त्याईच्यासाठीच हे सारं. पण लोकं आधी भेले पाह्यजे ना! भेलेच नाई, तं सांगाचं काय अन् कोणाले?

चुन्याची गोष्ट धुरपतानं काढली. दिवाळीच्या आधी ती गावातल्या पक्क्या घरायले चुना माराले जाये. "खड्यावर पाणी पडलं का अशी वाफ निंगते का बस! धूर नोहे तो, खोकला येत नाई," ती म्हणे. नत्थूनं चार दिवस तिची टिंगल केली. पाचव्या दिवशी गुपचूप तिफण सोडून नळे घेऊन आला.

"ये! ये! चिंचेवरच्या, ये!" बाहेर तानबा ओरडला. मांत्रिक तोच.

"ओत!"

धुरपतानं चाड्यात लोटा उपडा केला.

काहीच नाई. ना आवाज, ना वाफ.

"मेलो," नत्थू म्हणे. "यंदा काय नाव ठेवतीन देव जाणे."

"देव सोडले ना आपुन? दम धरा जरासा. चुन्यालेई येळ लागते."

अन् मंग पिप्यात फुसफुसलं. मंग खदखदलं. मंग सारा पिपाच थरथर हालाले लागला, अन् पडद्यापल्याड लोकायच्या तोंडातून एकच "हाँ" निंगालं. नत्थू पडदा सारून बाहेर गेला. काय धुकं होतं बापा! पांढरं, दाट. पूस महिन्याची थंडी, गॅसबत्तीचा उजेड अन् त्यात ते धुकं. त्याले स्वतःचे पाय दिसेनात.

तो खोकल्याची वाट पाहत उभा राह्यला. एकही जण खोकला नाई. सगळं चिडीचूप.

भेले! सारेच्या सारे भेले! चादरीच्या आत नत्थूले असं हासू आलं का त्यानं ओठ दाबून धरले.

मंग काहीतरी खरडल्याचा आवाज आला. पोते ओढल्याचा. जवळून. अजून जवळून.

धुकं जरासं विरळ झालं, तवा त्यानं भोकातून खाली पाह्यलं. पहिली ओळ त्याच्या पायाशी येऊन बसली होती. आनंदाबुढी दोन्ही हात नळ्यापुढं पसरून, शेकोटीपुढं बसावं तशी. मागून बाया ढकलून राह्यल्या होत्या.

"सरक ना वो बुढे, आमालेई शेकू दे!"

"आंगाले कसं ऊनऊन लागते वो!"

"हे काऊन भिऊन नाई राह्यले बे?" तानबा दबक्या आवाजात म्हणे. अन् असं म्हणता म्हणता मांत्रिकानं हातातली कवटी खाली ठेवली, अन् आपलेही हात पुढं केले.

नत्थूले आता भाषण आठवलं. "भूत नाई, मी..."

"औंदा दमा बरा झाला वाटते रे तुहा," आनंदाबुढीनं मान वर केली. त्याच्या चादरीखालच्या उघड्या पायाकडं पाह्यलं. "पाय तं पाह्य, कसे काकडले! थंडी नाई वाजत तुले?"

"पन मी भूत..."

"ते मंग सांगजो. आधी बस."

अन् तिनं बूड सरकवून अर्धं पोतं मोकळं केलं.

पडद्यामागून धुरपताचा आवाज आला, "अवो, अजून एक लोटा ओतू का?"

"ओत वो बाई, ओत!" सारे एकदमच ओरडले.

भूत पोत्यावर बसलं. चादरीतून हळूच दोन हात बाहेर आले, अन् बुढीच्या हाताजवळ पसरले.