बुटांच्या नाड्या

नवऱ्याच्या खुब्याच्या हाडावर धातूची टोपी बसवून अठरा दिवस झाले होते. कमरेतून वाकायला मनाई असल्यामुळे बुटांच्या नाड्या रोज तीच बांधायची. “तेवढं त्यांना पडू देऊ नका,” डॉक्टरांनी तिलाच बजावलं होतं. “हाड अजून कच्चं आहे, मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून.” आज फोनवर बॅडमिंटनच्या जोडीदारणीचा मेसेज वाचत तो गालात हसला. “धड चालायला लागलो, की तिच्याकडे राहायला जाणार आहे. तुला आधीच सांगितलेलं बरं.” गुडघे टेकल्या जागेवरून तिने वर पाहिलं. “आणि तोवर?” “तोवर तू आहेसच की.” त्याने फोनवरची नजर हटवली नव्हती. तिने डाव्या बुटाची नाडी उजव्या बुटाच्या नाडीला जोडून नीटनेटकी गाठ मारली. “घट्ट बांधलीस ना? काल सुटली होती.” “आज नाही सुटणार.” तिने कुबड्या त्याच्या हातात दिल्या. “चला, उठा.”