करमअलीचं नाक

आपल्याच घरासमोर करमअली थांबला, रुमाल नाकाला लावला आणि खोटंच शिंकला.

"आता तूच हुंग बाबा," तो हुझैफाला म्हणाला. "माझं नाक आज बंद हाय."

ऐन दुपार होती. पोफळींच्या सावल्यासुद्धा उन्हाला भिऊन बुंध्याशी गोळा झाल्या होत्या. हुझैफा खिदमत कमिटीचा नवा सेक्रेटरी. अजून पायातली चप्पलही नवीच. त्याने मान वर केली आणि करमअलीने मनात दुआ मागितली, या पोराला कसलाही वास न येवो.

त्या गावात मदतीसाठी कुणी हात पसरत नसे आणि कमिटीही कुणाला विचारत नसे. विचारलं की माणूस नको म्हणतो, आणि हो म्हणालाच तर पुन्हा धक्क्यावर मान वर करून फिरत नाही. म्हणून दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, कमिटीचा एक माणूस जेवणवेळेला गल्लीतून नुसता चालत जाई. ज्या घरातून फोडणीचा किंवा मासळीचा वास आला नाही, त्याच्या मागच्या दाराच्या कडीला मगरिबच्या नमाजानंतर, अंधार पडला की, आठवड्याच्या शिध्याची पिशवी लटके. घर नमाजाचं की पूजेचं, हे बघायचं नाही. पिशवी कुणी लटकवली, हेही नाही. फेरी एकदा झाली की पुढच्या जुमेरातीपर्यंत त्यात बदल नाही.

तो चालत जाणारा माणूस म्हणजे करमअली. साऱ्या तालुक्यात तसं नाक नव्हतं. धक्क्यावर उभा राहून तो आत येणाऱ्या होडीत पापलेट आहे की बांगडा ते सांगायचा, आणि तांडेलाने सकाळी दात घासलेत की नाही, तेही. एकदा धुक्यात वाट चुकलेलं गलबत त्याने नुसतं त्यावर शिजणाऱ्या कालवणाच्या वासावरून बंदराला लावलं होतं. खलाशी उतरायच्या आधीच त्यांना ओरडून सांगितलं होतं, मीठ कमी पडलंय. अशा माणसाच्या शब्दापुढे कमिटी काय बोलणार? शेजारच्या ठमाबाईचा नवरा मोरू पोफळीवरून पडून खाटेला खिळला, तेव्हा कमिटीत तिचं नाव दोनदा निघालं. दोन्ही वेळा करमअलीने मान हलवली. तिच्याकडे दर जुमेरातीला बोंबील भाजतात म्हणाला, आणि वास कसा, तर अगदी आमच्या बायकोच्या, सफुराच्या हातचा.

आता त्याच्या स्वतःच्याच चुलीवर काही नव्हतं. पावसाळ्यात त्याच्या मुलाची, अफानची, आखातातली कंपनी बुडाली आणि त्याचा पगार थांबला. अफानची पोर यशरा पेज पिऊन शाळेत जायची. त्या पेजेत भाताचं शीत शोधायचं तर तिच्या आजोबाचंच नाक लागलं असतं. पण सफुरा पडली इज्जतीची बाई. तिने एक सुका बोंबील जपून ठेवला होता. जुमेरातीला नवरा फेरीला निघाला की ती तो तव्यावर टाकी. वास बाहेर गेला की उचलून पुन्हा कागदात. खायचा नाही. त्या बोंबलाला आता दर्यापेक्षा तवाच जास्त ओळखीचा झाला होता. आणि करमअली दर फेरीला स्वतःच्या दारावरून तो वास घेत, रिकाम्या पोटी पुढे जाई.

नाकवाल्याने स्वतःच्या घराचं नाव घ्यायचं नाही, हा रिवाज. ते दुसऱ्याच्या नाकाला कळावं लागतं. म्हणून तर आजची ही सर्दी. सकाळी त्याने सफुराचे हात धरले होते. एवढ्या एका जुमेरातीला तवा ठेवू नको, पोरीच्या पोटाकडे बघ म्हणाला होता. सफुराने ठमाबाईच्या बाजूच्या भिंतीकडे बघितलं. मग हो म्हणाली.

हुझैफाने डोळे मिटून श्वास घेतला आणि हसला.

"वा चाचा. बोंबील. आणि काय खरपूस."

करमअलीला तो वास हुझैफाच्याही आधी आला होता. पण बंद नाकाचा माणूस बोलणार काय? लांबून कुठून तरी येत असेल, नीट बघ, असं तो पुटपुटला.

"सर्दी तुम्हाला झालीय चाचा, मला न्हाय," हुझैफा म्हणाला आणि चालू लागला.

मशिदीला वळसा घालून ते परत फिरले. वाटेत दोन घरं मुकी, वासावाचूनची निघाली. हुझैफाने ती ध्यानात ठेवली. फेरी नेहमीसारखी ठमाबाईच्या दारी संपली. तिथेही बोंबील. हुझैफा म्हणाला, तुमच्या या टोकाला चाचा, रोजचीच मेजवानी दिसते.

करमअली घरात शिरला तो पेटलेलाच. जबान देऊन फिरवलीस, पोरीच्या तोंडचा घास घालवलास, असं काय काय तो बोलत सुटला. सफुराने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि खुंटीकडे बोट दाखवलं. तवा खुंटीला होता. त्याने तळवा टेकवला. थंडगार.

"मग बोंबील कुठाय?"

सफुराची नजर मागच्या दाराकडे गेली.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी हळू वाजली. दार बोटभर उघडलं आणि फटीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी आत आलं. मागोमाग ठमाबाईचा आवाज. दाराआड उभा असलेला करमअली तिला दिसत नव्हता.

"घ्या भाभी. आज सकाळीच दिलात, म्हणून भिंतीवरनं घ्यायची दर वेळची घाई न्हाय झाली, फेरी निघाल्यापासनंच माझ्या तव्यावर होता. पन शेपटीकडं मोडलाय ओ जरा. पुढल्या जुमेरातीला तव्यावर जपून परता, दोन घरांना पुरवायचा हाय."