बुटकी खिडकी

उभ्यानं

बालवाडीच्या अंगणातला पाट कोरडा पडला होता.

उद्घाटनाला तासभर उरलेला. धाकटी पाटाच्या काठावर उभी होती. बालवाडीचा नकाशा तिचा, आणि पाटही तिच्याच डोक्यातून निघालेला. नदीचं पाणी वरच्या अंगानं आत घ्यायचं, मुलांच्या घोट्याएवढं राखायचं, वर्गावर्गांतून खेळवायचं आणि खाली पुन्हा नदीत सोडायचं. आता तळाच्या शेवाळावर बोटाएवढे मासे तडफडत होते.

थोरला मागे येऊन थांबला. नदीवरच्या नव्या धरणाचा इंजिनिअर, आज मात्र बहिणीचा पाहुणा. कडक इस्त्रीचे कपडे, हातात फुलांचा गुच्छ.

"धरणाचे दरवाजे पाडलेस?" तिनं वळून न बघता विचारलं.

"वेडी आहेस का? सुनावणी व्हायचीय अजून. शब्द दिलाय ना तुला."

दिला होता खरा. त्या शब्दावरच तिनं नदी वाचवायला बसलेल्या माणसांना धरणाच्या रस्त्यावरून उठवलं होतं. सुनावणीआधी पाणी अडणार नाही, सख्खा भाऊ आहे माझा तिथं, खोटं निघालं तर माझ्या तोंडाला काळं फासा, असं भर सभेत बोलून बसली होती. त्यांनी तंबू गुंडाळले त्याला आठवडाही झाला नव्हता.

फाटकापाशी माईकवाला सकाळपासून हॅलो हॅलो करत होता.

वाकून

पाणी कुठं अडलंय ते बघायला दोघं पाटाच्या कडेनं वर निघाले. वर्गांमधल्या कमानी मुलांच्या मापाच्या. थोरल्याचं डोकं पहिल्याच कमानीला आपटलं. बालवाडी बांधलीस की उंदराचं बीळ, असं तो कपाळ चोळत म्हणाला. मोठ्यांच्या मापाचं बाकी सगळं जग आहेच की, हे तिचं ठरलेलं उत्तर. आज ती पाटाचा तळ बघत तशीच पुढं चालत राहिली.

शेवटच्या अंगणात मुलं कोपरापर्यंत चिखलानं माखली होती. पाटात आडवी मातीची भिंत. भिंतीमागं तुडुंब पाणी.

मुलांचे चिखल उडवणारे हात आवरत वर्गाच्या बाई ओशाळल्या. सकाळी आल्या आल्या कामाला लागलीत, इंजिनिअरकाका मागं धरणाची चित्रं दाखवून गेले तेव्हापासून दुसरा खेळच नाही, असं त्या सांगू लागल्या. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी मुकादमासारखी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं भिंतीत खोचलेली नळी दाखवली. टोकाला एक थेंब लोंबत होता.

"थोडं सोडतोय ना आम्ही," ती म्हणाली.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "चुकले रे. उगाच घसरले तुझ्यावर."

"लहानपणापासून तेच तुझं. आधी फटका, मग चौकशी."

तो हसला, पण जरा उशिरा. मग त्यानं बुटाच्या टोकानं भिंत फोडली. मुलांनी गलका केला. पाणी उसळून खाली धावलं. मुलं सोबत धावली.

धार बारीक झाली. आणखी बारीक झाली. मग थांबली.

नदीकडच्या भिंतीत पाटाचं तोंड होतं. त्यातून काहीच येत नव्हतं.

तेवढ्यात माईकवाल्यानं माईक बंद केला आणि धाकटीच्या लक्षात आलं, सकाळपासून नदीचा आवाजच नाही.

गुडघ्यावर

नदीकडच्या भिंतीला एकच खिडकी होती. बुटकी. मुलांना उभ्यानं नदी दिसावी, आणि मोठ्यांना बघायची असेल तर त्यांनी गुडघे टेकावेत, अशी तिनं मुद्दाम काढलेली. नकाशा बघून थोरल्यानं तेव्हा चेष्टा केली होती. पाहुण्यांना नाक घासायला लावणार काय, असं विचारलं होतं.

आता तोच आधी खाली बसला. इस्त्रीची पँट चिखलात. शेजारी ती.

बाहेर नुसते दगड होते. कधी न दिसलेले, नदीच्या पोटातले, ओले काळे दगड, आणि कडेनं वाळत पांढरे होत चाललेले. मधल्या डबक्यांवर बगळे तुटून पडले होते. पलीकडच्या काठाला एक माणूस रिकामी बादली घेऊन उभा होता. तो खाली उतरतही नव्हता, परतही जात नव्हता.

ती भावाकडे वळली. मला माहीत नव्हतं, एवढंच त्यानं म्हणावं. बाकीचं तिनं सांभाळून घेतलं असतं.

"आज नव्हतं ठरलं," तो म्हणाला.

तिच्या पिशवीतला फोन वाजू लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला.

मातीत

मागं अंगणात मुलं परतली होती, माती थापल्याचा धपाधप आवाज येत होता. फुटक्या भिंतीमागच्या खळग्यात ओंजळ-दोन ओंजळ पाणी उरलं होतं आणि त्यात मासे एकमेकांवर चढत होते. बोळकी मुकादम ओरडत होती, पळतंय, पळतंय, माती लावा. पाहुणे यायची वेळ झाली म्हणून बाई मुलांना उठवायला निघाल्या.

धाकटीनं त्यांना हातानंच थांबवलं. नव्या कपड्यांनिशी ती मुलांच्या रांगेत मांडी घालून बसली, मनगटापर्यंत हात चिखलात घातले आणि भिंत लिंपू लागली. एका मुलानं सरकून तिला जागा दिली.

मागं बुटांचा आवाज आला आणि थांबला. गुच्छातून एक फूल चिखलात पडलं.

"गळतंय कुठून ते बघ," ती मान वर न करता म्हणाली. "तुला येतं ना ते."